आडावरचे दोन गडगडे

शरणम्माने आडावरच्या गडगड्याच्या कण्यात वाटीभर करडीचं तेल ओतलं आणि दोर हळूच ओढून पाहिला. चाक फिरलं, पण हूं की चूं केलं नाही. अकरा वर्षं कोकलणारा गडगडा एका वाटीत गप्प झाला. "आता बस म्हणावं कान लावून," ती भिंतीकडे बघून पुटपुटली.

भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ पार्वतम्मा राहायची. वाटणी करताना दोघा भावांनी भिंत थेट आडाच्या मधोमध नेली होती. आड एक, गडगडे दोन आणि जावांमध्ये अकरा वर्षांचा अबोला. तसा अबोला म्हणायचा एवढंच. भिंतीला ऐकू जाईल असं दोघी रोज बोलत. शरणम्मा हंड्याला शिव्या द्यायची, पार्वतम्मा मांजराला.

उदगीर नव्या जिल्ह्यात गेलं, त्याच्या पुढचाच तो उन्हाळा. लातूरला कलेक्टर आला, पाट्या बदलल्या. पाऊस तेवढा आला नाही. आडात रात्रभर झिरपून पहाटेपर्यंत जेमतेम चार पोहरे पाणी साचायचं. शरणम्माचा गडगडा करकरला की लगेच पलीकडचा कुईकुई करायचा. दोन पोहरे हिचे, दोन तिचे. "टपूनच बसलेली असते मेली," शरणम्मा म्हणायची.

एवढे दिवस भागलं. पण आता लेक रुद्राणी बाळंतपणाला आली होती. घरात बारा दिवसांचं बाळ, आणि दोन पोहऱ्यांत बाळंतिणीचं न्हाणं काही होत नव्हतं. म्हणून ही तेलाची युक्ती.

युक्ती फळली. पहिल्या पहाटे चारही पोहरे गुपचूप वर आले. दुसऱ्या पहाटेही. बाळ न्हालं, रुद्राणी न्हाली, दुपट्यांची रास धुऊन निघाली. शरणम्मा खुशीत होती. पलीकडून मात्र ना कुईकुई, ना मांजराला शिव्या.

तिसऱ्या पहाटे पोहरा हातात धरून ती थबकली. उशिरा का होईना, पार्वतम्माने दोर सोडून गाळ तरी ढवळायला हवा होता. दीर मागेच वारलेले, तिचा मुलगा नांदेडला नोकरीला, घरात ती एकटीच. पडली-बिडली तर नसेल? पोहरा तिथेच टाकून ती गल्लीतून वळसा घालून धावली आणि अकरा वर्षांत न ओलांडलेला उंबरा ओलांडून आत शिरली.

पार्वतम्मा आडापाशी बसली होती. हातात दोर, शेजारी कोरडी घागर. ओठ सुकले होते. शरणम्माला बघून तीच गडबडून उठली.

"अक्का, बरं हाय ना सगळं? बाळ बरं हाय?"

"आम्हाला काय धाड भरलीय? तू पाणी का ओढलं न्हाईस?"

"दोन दिस झाले, तुमचा गडगडा वाजला न्हाई. म्हनलं, आडात साचलंच नसल, म्हणून अक्का थांबल्यात. शेजारच्या गुरम्माकडून तांब्या-तांब्या आणून भागवलं."

"पोहरा टाकून बघायचं न्हाई व्हय?"

"असं कसं, अक्का? थोरलीनं ओढल्यावर धाकटीनं ओढायचं, सासूबाईनंच घालून दिलेलं हाय. तुमचा आवाज आल्याबिगर मी दोर सोडलाय का कधी? त्यात तुमच्या घरात बाळंतीण."

शरणम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेलाचा वास येणारे हात तिने पदराखाली लपवले. ती तशीच घरी आली. चुलीतली मूठभर राख घेतली आणि गडगड्याचा कणा खसाखसा पुसून काढला. मग पोहरा निम्म्यापर्यंतच सोडला, पाण्याला टेकूही दिला नाही, आणि जोर लावून वर ओढला. गडगडा असा करकरला की आत बाळ दचकून रडायला लागलं.

लगेच पलीकडचा कुईकुई सुरू झाला. एक पोहरा. दुसरा पोहरा. शरणम्मा रिकामा पोहरा धरून तिसऱ्याची वाट बघत राहिली.

गडगडा थांबला होता. भिंतीपलीकडून आवाज आला, "अक्का, तुमचा पोहरा आज हलका वाजला. दोन ठिवलेत आडात, ओढून घ्या."