जंगू जेवतो तेव्हा

पडद्यावरचा माणूस पुन्हा जेवायला बसला तशी गुणाबाईनं सुनेचा दंड घट्ट धरला. "आता पाह्य, चंदा. हात पाह्य त्याचा."

पोंभुर्ण्याच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागला होता. मधोमध पडदा. यंत्राच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या पलीकडे बाया. पातळ कापडातून चित्र आरपार दिसे. मालक गुणवंतराव देवादिकांचा सिनेमा आणणार होते, पण नागपूरहून रिळांची पेटीच बदलून आली. आलेला सिनेमा म्हणजे नुसता वैताग. शहरातली एक खोली आणि तिच्यात एक माणूस. तो उठतो, खिडकीशी उभा राहतो, परत बसतो. गाणं नाही, भांडण नाही, त्याच्याशी कोणी बोलतसुद्धा नाही. खिडकीतून दुकानांच्या पाट्या दिसत, पण बायांपैकी वाचता कोणाला येत होतं? पलीकडचे पुरुष शिव्या देत उठून जात होते.

खोलीतला दिवा पाठीशी असल्यानं माणसाचं तोंड अंधारात होतं. त्यानं डाव्या हातानं घास उचलला.

"माहा जंगूच हाये," गुणाबाई म्हणाली. "लहानपणी किती मारलं, पण डावा हात नाई सोडला त्यानं."

जंगू पाच वर्षांपूर्वी तळ्यावरची मासेमारी सोडून मुंबईला गेला, तो गेलाच. ना निरोप, ना पत्ता. चंदाचा बाप केवळराम आता तिचा पाट लावायला, दुसरं लग्न करून द्यायला निघाला होता. मूल गावचा एक बिजवर होता. घरचं धान, शांत माणूस. चंदाला तो मनातून आवडलाही होता.

"मले तं काईच समजून नाई राह्यलं, बाई," चंदा म्हणाली. "एवढं मोठं शहर, अन् यायच्याशी कोणीच काऊन बोलत नाई?"

"एकटा हाये तो, पोरी. दुसरी बाई नाई केली त्यानं. थांब त्याच्यासाठी."

चंदाला रात्रभर झोप लागली नाही. कधी खिडकीतली ती पाठ डोळ्यांपुढं येई, कधी मूलचा माणूस. सकाळी बाप त्यालाच घेऊन दारात उभा.

"माहा नवरा जिवंत हाये, बाबा," चंदा म्हणाली. "मी पाह्यलं त्यायले."

केवळरामनं कपाळावर हात मारला. बिजवरानं चहा अर्धाच ठेवला. वडशाची दुसरी सोयरीक त्याच्यासाठी खोळंबलीच होती. तो तिकडच्याच वाटेनं गेला. चंदानं उरलेला चहा अंगणात ओतला.

संध्याकाळी सासू-सुना पुन्हा तंबूत आल्या. आता कोणी फिरकत नव्हतं.

"आज आखरीचा खेळ. तिकडं पडद्यामागं काऊन बसता?" गुणवंतराव वैतागून म्हणाले. "इकडं या, खुर्च्या रिकाम्या पडल्या हायेत."

दोघी पहिल्यांदाच यंत्राच्या बाजूला बसल्या. चंदानं डोक्यावरचा पदर सारखा केला. खोली आली, काल डावीकडं असलेली खिडकी आज उजवीकडं आली, माणूस ताटाशी बसला.

"जेव, बापा," गुणाबाई पुटपुटली.

त्यानं उजव्या हातानं घास उचलला.