नव्वद जेवणं

"काका, तुमचे दिवस भरले," सीमेवरच्या चौकीत काचेआडून पोलीस मातो म्हणाला.

स्पासोयेनं गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "अरे, सकाळी सकाळी काय अभद्र बोलतोस! एक एप्रिल म्हणून मीच सापडलो का मस्करीला?"

"मस्करी कुठली? यंत्रावर लाल आलंय." मातोला सांगतानाच अवघडल्यासारखं झालं होतं. "आमच्याकडे एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस यायची मुभा. तुम्ही एक जानेवारीपासून रोज येताय, एकही खाडा नाही. काल नव्वद झाले. आता थेट तीस जूनला या."

"अरे पण मी राहतो कुठं तुमच्या क्रोएशियात? लाकडं फोडतो, जेवतो, संध्याकाळी आपल्या घरी. दिवस कसले? फार तर नव्वद जेवणं झाली म्हण!"

"तासभर थांबा नाहीतर मुक्काम करा, दिवस तो दिवसच."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी खालच्या गावातली फ्राना पायरीवरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. दुसऱ्या दिवसापासून स्पासोये वरच्या त्रेबिन्येहून घाट उतरून, सीमा ओलांडून तिच्याकडे जायला लागला. तो विधुर, ती विधवा, दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. फेब्रुवारीत तिचं प्लॅस्टर निघालं. दोन हिवाळे पुरतील एवढी लाकडं फोडून झाली. तरी ह्याचं जाणं काही थांबलं नाही. चौकीवर सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण विचारायचं कुणी नाही.

"मग त्यांनाच बोलवा की तुमच्याकडे," मातो म्हणाला. "त्यांना नुसतं ओळखपत्र पुरतं. तुमच्या बाजूला त्यांचा एकही दिवस खर्च झालेला नाही."

"ती यायची नाही."

"का? पाय दुखतात?"

स्पासोयेनं घाटाकडे पाहिलं. "एक्याण्णवच्या युद्धात तिचं घर जाळणारे आमच्याच बाजूचे, ह्याच रस्त्यानं खाली उतरले. तेव्हापासून तिनं वर पाऊल टाकलेलं नाही. मीही कधी ये म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणू?"

मातोचा जन्म त्यानंतरचा, पण त्याचंही गाव खालचंच. त्यानं पासपोर्ट हळूच परत केला. "गाडी बाजूला घ्या, काका. फोन तरी करा त्यांना."

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"कुठं अडकलायस? कोबी शिजत आलाय. मीठ अजून घातलं नाही, तू चाखल्याशिवाय घालत नाही मी."

"फ्राना, मी आता येऊ शकत नाही गं. माझे दिवस संपले."

पलीकडे डाव खाली पडल्याचा आवाज आला. "कोण म्हणालं? डॉक्टर?"

"नाही गं. पोलीस."

"मेल्या, जीव घेतलास माझा!" मग तिनं सगळं नीट विचारून घेतलं. तीस जून हे दोनदा वदवून घेतलं. इकडे स्पासोये मनात हिशेब करत होता. नव्वद दिवस! ह्या वयात नव्वद दिवस कुणी कुणाला उधार द्यायचे?

"तिथंच थांब," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

स्पासोयेनं गाडी वळवून आपल्या बाजूच्या चौकीपाशी लावली. तासाभरानं मातोच्या चौकीसमोर भाच्याच्या गाडीतून फ्राना उतरली. काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. मातोनं तिच्या ओळखपत्राकडे धड पाहिलंसुद्धा नाही. दोन चौक्यांमधला रस्ता ती एकटी चालत आली. मध्येच एकदा थांबली. स्पासोये पुढं धावला, तर तिनं मानेनंच त्याला नको म्हटलं. मग पातेलं छातीशी धरून उरलेलं अंतरही तिची तीच चालली.

ह्या बाजूच्या चौकीतल्या माणसानं विचारलं, "किती दिवस राहणार?"

"ह्याचं घर कुठं पाहिलंय मी? बघू दे आधी, मग सांगते."

ती स्पासोयेच्या गाडीत बसली. स्पासोये पातेलं घ्यायला गेला, पण तिनं ते सोडलं नाही.

"मी डोळे मिटून घेणार आहे," ती म्हणाली. "मला काही बघायचं नाही. घर आलं की सांग."

"सांगतो."

"आणि बोलत राहा. गप्प बसू नकोस."

त्यानं गाडी अगदी बैलगाडीच्या चालीनं चालवली. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणाला फ्रानानंच तोंड उघडलं.

"इथं डावीकडे अंजिराचं झाड होतं. लहानपणी आई तुमच्या बाजारात न्यायची ना, तेव्हा त्याच्याखाली बसून आम्ही भाकरी खायचो. आहे का रे अजून?"

स्पासोयेनं डावीकडे पाहिलं. तिथं सिमेंटची भिंत होती आणि भिंतीवर टायरच्या दुकानाची पाटी.

"आहे की," तो म्हणाला.

"पालवी फुटली?"

"फुटली तर! कालच पाहिली मी."

फ्रानानं एक डोळा किलकिला केला.

"खोटारडा मेला," ती म्हणाली, आणि दुसराही उघडला.