पेटीला हात लावायचा नाही

सान पेद्रोच्या बेसबॉल संघात मी केस पिकेपर्यंत शॉर्टस्टॉप खेळलो. चेंडू सुटला की तिसऱ्या बेसमागून माझी बायको यानिरा ओरडायची, "हात आहेत की चाळणी?" झेलला, तरी ओरडायची, "लागला बाई एकदाचा!"

शेवटच्या आजारपणात तिने बजावलं, "माझ्या पेटीला तू हात लावायचा नाहीस. पाडशील."

म्हणून तिची शवपेटी संघातल्या पोरांनी उचलली आणि मी मागून चाललो. खड्ड्यापाशी आमच्या कॅचरचाच पाय घसरला, पेटी कलंडली. मी झेपावलो आणि गुडघ्यांवर पडून ती छातीवर झेलली. मागून कुणीतरी "आउट!" म्हणून ओरडलं. पाद्रीबाबांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

 

मी तसाच गुडघ्यांवर टोमण्याची वाट बघत राहिलो.