बिनधुराची चूल

नारायणराव जमादार लीलाबाईच्या अंगणात शिरले, तेव्हा सयाजी उकिडवा बसून पंजाएवढ्या पत्र्याच्या चुलीवर चहा उकळत होता आणि त्याचा धाकटा भाऊ सिद्धू बाजूच्या कडब्याच्या गंजीत श्वास धरून होता.

एक भाऊ इंग्रज सरकारकडून लढून इटलीहून रजेवर आला होता. दुसरा सरकारविरुद्ध लढून गंजीत आला होता. आईला दोघांनाही जेवायला घालायचं होतं.

अवेळी कुणाच्या घरावर धूर दिसला, की पोलीस विचारत, कुणासाठी रांधताय? म्हणून सयाजीने फौजेतली घडीची चूल काढली. लायटरने तिच्यातली इंधनाची पांढरी वडी पेटवायची, धूर होत नसे. लीलाबाईने घरातली मातीची चूल बंदच केली. पत्र्याच्या चुलीवर भाकरी काही फुगेना, तेव्हा घरात दोन्ही वेळा कण्या चालल्या होत्या.

"लीलाबाई, तुमच्या घरावर धूर नाही," जमादार म्हणाले.

"न्हाई, सायेब."

"का नाही?"

"आता धूर न्हाई ह्योबी गुन्हा झाला का?"

जमादारांनी टोपी काढून घाम पुसला. लढाईपायी काड्यापेट्या बाजारातून गेल्या होत्या. सगळं गाव शेजारच्या चुलीतला निखारा खापरीवर नेऊन आपली चूल पेटवत होतं. जमादारांच्या पोलीस चौकीला मात्र कुणी निखारा देत नव्हतं.

"पलीकडच्या अंबूबाईकडे विस्तव मागायला गेलो होतो," ते म्हणाले. "विस्तव दिला नाही. बातमी दिली. लीलाबाई म्हणे कितीतरी दिवस विस्तव न्यायला आलेली नाही. विस्तव न नेणारं घर मला बरं वाटत नाही. तिथे एक तर उपास असतो, नाहीतर पाहुणा."

लीलाबाईने कुंपणाकडे पाहिलं. कुंपणापलीकडे अंबूबाईची चूल व्यवस्थित धूर सोडत होती.

जमादार चुलीवर वाकले. पत्र्यात पांढरी वडी, तिच्यावर इवलीशी निळी ज्योत. त्यांचे दोन्ही हात आपोआप ज्योतीवरून फिरले आणि डोळ्यांना लागले. वास कापराचा नव्हता, पण हात आधी गेले होते, नाक मागून आलं.

"तीर्थ देऊ का च्या?" सयाजीने विचारलं.

जमादारांनी हात घाईने खाली घेतले. "चहा," ते म्हणाले.

गुळाचा चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. पहिल्या घोटाला त्यांचे डोळे मिटले. चौकीत कितीतरी दिवस ते भिजवलेले पोहे खात होते. तेवढ्यात वारा फिरला. त्या चुलीला धूर नव्हता, पण एक आंबूस वास होता. तो गंजीकडे गेला.

गंज खोकली.

लीलाबाई लगेच खोकली. जमादारांनी तिच्याकडे पाहिलं.

"पुन्हा खोका."

लीलाबाई पुन्हा खोकली. सयाजीही खोकला.

"नाही," जमादार म्हणाले. "मघाचा चांगला होता."

ते चहाची पितळी हातात धरूनच गंजीजवळ गेले. काठी कडब्यात खुपसली. वीतभर गेली. हातभर गेली. सयाजीचा हात वाढणीच्या पळीवर गेला. पळीने आपण नेमकं काय करणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

जमादार काठी तशीच ठेवून चहा प्यायले. मग मागे वळून म्हणाले, "ही चूल कुठं मिळते?"

"इकत न्हाई मिळत. फौजेत भरती व्हावं लागतं."

"माझं वय झालं."

"व्हय. दिसतंय."

जमादार बराच वेळ चुलीकडे पाहत राहिले. मग काठी काढली, तिचं टोक बोटाने चाचपलं.

"कडबा ओला आहे," ते म्हणाले.

कडबा खडखडीत कोरडा होता. सयाजीने एकदा आईकडे पाहिलं. "लय ओला हाय," तो म्हणाला.

"उद्या उन्हं आली, की चार शिपाई घेऊन येतो आणि सगळी गंज उलटी करतो. तोवर वाळेल ना?"

"वाळंल."

"कोरडी सापडली पाहिजे. आत काही राहता कामा नये."

त्यांनी चूल विझवली, फुंकून गार केली, घडी घालून खिशात टाकली. वड्यांचं पुडकं घेतलं. दोन पावलं गेले, परत आले, लायटर घेतला आणि गेले.

"आये, त्यो खरंच उद्याच यील?" सयाजी हळूच म्हणाला. "का आत्ताच शिपाई आणाय गेलाय?"

"सिद्धूला कायतरी खाऊन अंधार पडताच जायला पायजे," लीलाबाई म्हणाली. "आता चूल पेटवून वाटंला भाकरी तरी दिऊ." तिने खापरी उचलली आणि कुंपणापलीकडे गेली.

अंबूबाई चुलीपुढे बसली होती. काही न विचारता तिने चिमट्याने निखारा उचलून खापरीवर ठेवला.

"लय दिसांनी आलीस गं."

"कण्या खात हुतो."

"जमादार लय येळ हुता."

"तूच धाडला हुतास न्हवं?"

अंबूबाईने दुसरा निखारा ठेवला. मग फळीवरच्या डब्यातून मूठभर ओवा काढून लीलाबाईच्या पदरात टाकला.

"ह्यो कशाला?"

"खोकल्याला."

"कुणाच्या?"

"माझ्या म्हन. मला काय, कुंपणापलीकडचं ऐकू येत न्हाई."

लीलाबाई अंगणात परत आली. गंजीतून दबका खोकला पुन्हा आला आणि कडब्यातून एक हात बाहेर आला, तळवा उघडा.

लीलाबाईने ओव्याची चिमूट आधी आपल्या तोंडात टाकली आणि कुंपणाकडे बघत, चव पारखत सावकाश चावली.