उजवं टोक

शाळेच्या संमेलनात गुरुजींनी ग्रीसची लढाई बसवली होती. खालचा पाडा थीब्ज, आमचा पाडा स्पार्टा. ढाली म्हणून माळ्यावरची इरली काढलेली.

"आपली ढाल डावीकडच्याला झाकते," गुरुजी सांगत. "उजव्या टोकाच्याला झाकायला कुणीच नसतं. थीब्जनं घाव तिथंच घातला आणि स्पार्टा हरलं."

हे ऐकल्यावर त्या टोकाला कुणी उभं राहीना. शेवटी माझी थोरली बहीण बाईजा, आमची बाय, राहिली. तिच्या डावीकडे, तिच्या इरल्याआड, मी.

पुढच्याच वर्षी बा गेला. बायनं शाळा सोडली आणि औत धरलं. आम्हा धाकट्यांची शाळा मात्र तिनं सुटू दिली नाही.

रेल्वेत चिकटल्यावर पहिल्याच आवणीला मी कसाऱ्याहून रजा टाकून गावी शेणव्याला आलो. शेतात उजवीकडून झड येत होती. सगळी भावंडं ओळीत वाकून रोपं लावत होती आणि उजव्या टोकाला बाय होती, इरलं असून अर्धी भिजलेली. मी तिला ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिलो.

"इथं झड लय लागते रे नथू. सवय नाय तुला."

"लागू दे. तू सरक डावीकडं, बाय."