साडेबारा हजार किलोमीटर

सोनूबाई टोरांटोत झोपेतच वारल्याची बातमी सकाळी वरळी कोळीवाड्यात पोचली, आणि दुपारच्या आत तिच्या नवऱ्याच्या, हरेश्वरच्या दारात बर्फाच्या लाद्या येऊन पडल्या. लांबचं माणूस पोचेपर्यंत मयत बर्फावर ठेवायची, ही कोळीवाड्याची रीत. या वेळी मयतच लांब होती. तरी पुतण्या उत्तमने सवयीने मासळीच्या धक्क्यावरून बर्फ उचलला. बायकांनी हिरवं लुगडं आणि चुडा आणला. सवाष्ण गेली होती.

"काका, काकी कवा येल?" उत्तमने विचारलं.

"जावयाला इचारतो."

हरेश्वर शेजारी रामदासच्या घरी फोनपाशी जाऊन बसला. बऱ्याच वेळाने घंटी वाजली. जावई शरच्चंद्र शिकलेला माणूस. आवाज न चढवता समजावून सांगायची त्याला सवय होती.

"बाबा, टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर आहे. थेट विमान नाही. लंडनला बदलायचं. नुसता प्रवासच वीस-बावीस तासांचा. त्यात मृतदेह म्हटलं की परवानग्या. आठवडा सहज जाईल. आम्ही उद्या इथेच उरकून घेतो."

"उरकून," हरेश्वर म्हणाला.

"जरा प्रॅक्टिकल विचार करा."

"करतो ना. आमच्या धक्क्यावरची शेवंड विमानानं जपानला जाते, जावईबापू. ताजी पोचते. तिला कोनी किलोमीटर सांगत नाय."

दारात उभी असलेली रामदासची बायको फसकन हसली, आणि लगेच पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

"मग तुम्हीच इकडे या. पासपोर्ट आहे का तुमचा?"

"मिलचा गेटपास हाय. संपापासून कपाटात पडलाय. चालंल?"

शरच्चंद्रच्या मागे तान्हं पोर रडत होतं. त्याच्याचसाठी सोनूबाई तीन महिन्यांपूर्वी डिंकाचे लाडू आणि सुका जवळा बांधून, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून गेली होती. हरेश्वर ते रडणं ऐकत राहिला.

"बालंतपनाला बोलावलंत, तवा किती किलोमीटर होतं?"

"बाबा, तो प्रश्न वेगळा."

"वेगला कसा? वाट तीच."

"ललिताशी बोलता का? तीही खूप..."

"नको. ओली बालंतीन ती. तिला सांगा, बापानं जेवून घ्यायला सांगितलंय. आनि तुमी तुमचं उरका."

त्याने फोन ठेवला. बाहेर आला तेव्हा ओटीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"येते ना काकी?" उत्तम म्हणाला.

"नाय. त्यांना लांब पडतं."

हरेश्वर उंबऱ्यात बसला. सोनूबाईच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं राहिलं.