वायफाय ओ देत नाही

“असं उपकरण या कॉम्प्युटरवर नाही.”

मयुराच्या लॅपटॉपनं हे सातव्यांदा सांगितलं, आणि तेही न लाजता. नाही म्हणजे? काल संध्याकाळपर्यंत याच वायफाय कार्डावर सगळं सुरळीत चालू होतं! अकरा वाजता पुण्याच्या कंपनीची मुलाखत होती, लॅपटॉपवरच. मोबाईलवर त्यांची परीक्षा उघडत नव्हती. साडेदहा होऊन गेले होते. दोन वर्षं घरी बसून मयुरा विटली होती. ही नोकरी तिला हवी म्हणजे हवीच होती. आणि काल हिनंच हौसेनं लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्सचं अपडेट केलं. सुखातला जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

सासरे चंपतराव मदतीला धावले. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. बिघाड म्हटला की त्यांचा हात मेन स्विचकडेच जायचा. त्यांनी अख्ख्या घराची लाइट घालवली, दहा आकडे मोजले आणि परत आणली. फ्रिज दचकून सुरू झाला. वायफाय काही सुरू झालं नाही.

“कार्डच गेलं, पोरी. नवीन आणा लागते.”

मयुराला रडूच फुटलं. “गेलं नाही हो बाबा! आतमध्येच बसून आहे ते. मी मघापासून त्याचं नाव घेऊन ‘डब्ल्यूलॅन झिरो, डब्ल्यूलॅन झिरो’ म्हणून हाका मारून राहिली, तर ओच देऊन नाही राहिलं!”

सासूबाई वच्छला बाजूला भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होत्या. वर न पाहता त्या म्हणाल्या, “नाव बदललं असन त्याचं.”

“काय?”

“माहं लग्न झालं न वं, तवा यायनं तांदळात अंगठीनं ‘वच्छला’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सासू अंगणातून ओरडून राहिली, वच्छले, दूध उतू जाऊन राहिलं! मी आपली दुधापाशीच बसून. म्हटलं, कोण बाई होय ही वच्छला, उठून काहून नाही राहिली? सारं दूध चुलीत गेलं. मी त तारा होती.”

“पोरीची मुलाखत आहे, अन् तू दूध काय काढून बसली!” चंपतराव खेकसले.

पण मयुरा थबकली होती. तिनं हाका मारणं सोडलं आणि मशीनला सरळ यादी मागितली: घरात कोण कोण आहात, आपापली नावं सांगा. तिसऱ्याच ओळीत कार्ड बसलेलं होतं, चांगलं धडधाकट! अपडेटनं त्याचं नाव ‘डब्ल्यूएलपी थ्री एस झिरो’ करून टाकलं होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं, हिलाही सांगितलं नव्हतं. मयुरानं नव्या नावानं हाक मारली. कार्ड लगेच ‘ओ’ म्हणालं. अकराला चार मिनिटं कमी होती.

बारा वाजता ती खोलीतून नाचतच बाहेर आली. “आई, सोमवारपासून या म्हणाले!”

जेवणं झाल्यावर ती पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. एकदा हात पोळले होते, आता पक्का बंदोबस्त हवा होता.

“अन् पुन्हा अपडेट आलं तर?” चंपतरावांनी विचारलं.

“आता नाही बदलत, बाबा. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो. त्या नंबरालाच मी पहिलं नाव बांधून टाकलं. आता कोणी काहीही नाव ठेवो, हे आपलं पहिलंच नाव सांगणार.”

वच्छलाबाई उठल्या. साबण लावून मिरच्यांचे हात धुतले, लुगड्याला पुसले. कपाटातून आपलं आधार कार्ड काढून आणलं आणि कीबोर्डवर ठेवलं. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“यालेही नंबर आहे न वं, मयुरे? बांधून दे. तारा.”